सगळ्यांना सारखी पाळी दिली, तरी केन कॅरियर डुलतोय! नेटवर्कची न्याय्य वाटणी कशी करायची?

चिपाड
मंडळी, मी एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. (कारखान्याचं नाव विचारू नका, हंगाम चालू आहे आणि मला नोकरीही चालू ठेवायची आहे.) प्रश्न तांत्रिक आहे, पण गेले आठ दिवस तो मला तात्त्विक वाटायला लागलाय.

आमच्याकडे पीएलसीच्या (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) एका आरएस-४८५ लाइनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक तारेवर, २४ उपकरणं आहेत. दोन ड्राइव्ह, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्यांच्या मोटरचा वेग सांभाळणारे, एक केन कॅरियरचा आणि एक रेक कॅरियरचा. बाकी २२ म्हणजे वीज मोजणारी मीटर, इंबिबिशनच्या (रस काढताना चिपाडावर सोडतात त्या) पाण्याचे फ्लो मीटर, थोडी किरकोळ मंडळी. भाषा मॉडबस, वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. पीएलसी एकेकाला नावानं हाक मारतो, तो उत्तर देतो, मग पुढचा. १ ते २४ आणि परत १. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही.

पहिल्या मिलच्या डोनेली च्यूटमधली (मिलच्या तोंडावरचा, ऊस साठवणारा उभा च्यूट) उसाची लेव्हल बघून पीएलसी दोन्ही कॅरियरचा वेग ठरवतो. लेव्हल पीएलसीला थेट कार्डावर मिळते, पण वेगाचा आदेश ड्राइव्हला जातो तो याच लाइनवरून. गेल्या आठवड्यापासून च्यूट कधी तुडुंब, कधी रिकामा. रिकामा झाला की मिल घसरते, चीफ इंजिनियरसाहेबांचा आवाज वाढतो. पीआयडीचं (लेव्हल बघून वेग ठरवणारं पीएलसीतलं सूत्र) ट्यूनिंग तीनदा बदललं. काही फरक नाही.

यापेक्षा समान वाटणी कशी असते? की समान वाटणी हाच घोळ आहे?

शून्यप्रहर
आयटीवाला आहे, ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय. पण बॉड रेट वाढवा ना. ९६०० म्हणजे आमच्या आजोबांच्या मोडेमचा वेग.

चिपाड
@शून्यप्रहर, दोन जुनी मीटर ९६०० च्या वर जात नाहीत. आणि वाढवून फार मिळत नाही, हे गणित करून बघितलं. एक अक्षर ११ बिटांचं, म्हणजे १.१५ मिलिसेकंद. १० रजिस्टर (दोन-दोन बाइटचे आकडे) वाचायची तर ८ बाइटचा प्रश्न आणि २५ बाइटचं उत्तर, मिळून ३३ अक्षरं, ३८ मिलिसेकंद. वर साडेतीन अक्षरांची शांतता दोनदा, ८ मिलिसेकंद. आणि उपकरण विचार करायला घेतं ते साधारण २०. एकूण ६६. वेग दुप्पट केला तर ते ४३ वर येतं, ३३ वर नाही, कारण उपकरणाचा विचार करण्याचा वेळ बॉडबरोबर बदलत नाही.

६६ गुणिले २४, म्हणजे १.६ सेकंदांची एक फेरी.

जुनीवायर
अरे बाळा, १.६ सेकंदांनी च्यूट हलेल, पण तू सांगतोस तितका नाही. त्यात गेल्या आठवड्यापासून म्हणतोस. म्हणजे त्याआधी चालत होतं. मग गेल्या आठवड्यात काय बदललं? लाइनवरचं एखादं उपकरण मेलंय का? टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, किती ठेवलाय?

चिपाड
काका, १७ नंबरचं मीटर मेलंय. एका पंपाच्या फीडरचं. बदली मागवलीय, कुणाला घाई नाही म्हणून तसंच ठेवलंय. टाइमआउट १ सेकंद, प्रयत्न ३. जसं आलं तसंच आहे, मी हात लावलेला नाही.

जुनीवायर
मग सापडलं की. प्रत्येक फेरीत पीएलसी त्या मेलेल्या मीटरच्या दारात ३ सेकंद उभा राहून हाका मारतोय. जिवंत २३ जण मिळून दीड सेकंद घेतात आणि मेलेला एकटा तीन. तुझ्या लाइनचा दोन तृतीयांश वेळ मढं खातंय. फेरी साडेचार सेकंदांची झाली. साडेचार सेकंद जुना आदेश घेऊन कॅरियर धावणार, तोवर च्यूट भरून सांडणार, मग पीआयडी घाबरून ब्रेक मारणार. पीआयडीला उशीर सांगितलेला नसतो, त्याला वाटतं आपला आदेश लगेच पोचला.

चिपाड
🤦 दोन तृतीयांश! आणि मी ट्यूनिंग करत बसलोय.

अकरावाबिट
काकांना दंडवत. आता तात्त्विक भागाकडे येऊ, कारण धाग्याचं शीर्षक मला आवडलंय.

वाटणी किती समान आहे हे मोजायला राज जैन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक निर्देशांक दिला. वाट्यांच्या बेरजेचा वर्ग घ्या, त्याला वाटेकऱ्यांची संख्या गुणिले वाट्यांच्या वर्गांची बेरीज यानं भागा. सगळ्यांना समान मिळालं तर उत्तर १. एकट्यानंच सगळं खाल्लं तर १ भागिले वाटेकरी. चिपाड यांच्या लाइनवर पाळ्या मोजल्या तर उत्तर बरोब्बर १ येतं, चोख न्याय. पण वाटा म्हणून लाइनवरचा वेळ घेतला, एकाला ३००० आणि २३ जणांना ६६-६६, तर उत्तर ०.०९ येतं. लाइन तीच आणि उपकरणंही तीच. कुठली गोष्ट वाटताय ते आधी ठरवावं लागतं.

आणि दोन्ही आकड्यांना च्यूटचं काही पडलेलं नाही, ही तिसरी गंमत.

आडसाली
मी नेटवर्कवाला नाही, बाप पाटकरी होता. पण हा धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही जे म्हणताय ते आमच्या चारीवरचं रोजचं भांडण आहे.

शेजपाळीत, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं वाटताना, आधी ७ नंबरचा फॉर्म भरून घेतात. कुणाचं किती क्षेत्र, कुठलं पीक, ते बघून कुणाला कधी आणि किती तास पाणी, याचा कागद तयार होतो. सगळ्यांना सारखे तास कधीच नसतात. अर्धा एकर कांद्याला आणि पाच एकर उसाला सारखं पाणी दिलं तर दोन्ही पिकं शिव्या देतील. चिपाडभाऊंच्या लाइनवर फॉर्म भरून न घेताच पाळ्या लावल्यात असं दिसतंय. कॅरियरला कितीदा पाणी लागतं आणि मीटरला कितीदा, हे कुणी विचारलंच नाही.

आणि ज्याची पाळी आहे तो शेतावर आलाच नाही तर पाटकरी त्याच्यासाठी रात्रभर दार उघडं धरून बसत नाही. पुढच्याचं दार उघडतो.

चिपाड
@आडसाली, हा प्रतिसाद छापून पॅनेलवर चिकटवणार आहे.

अकरावाबिट
आडसालींनी सांगितलेल्या 'फॉर्म'ला आमच्याकडे मुदत म्हणतात. मी चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, आमचं सगळं कॅन बसवर (गाडीतल्या उपकरणांची सामायिक तार) चालतं. बॉशनं १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ती जगापुढे मांडली. तिथे मॉडबससारखा हाका मारणारा कुणी नसतो. ज्याला बोलायचंय तो बोलायला लागतो. दोघं एकदम सुरू झाले तर दोघंही आधी आपला क्रमांक एकेक बिट करत सांगतात. तारेवर ० हा १ ला दाबतो. ज्यानं १ सांगितला पण तारेवर ० ऐकला तो समजतो की वडीलधारं कुणीतरी बोलतंय, आणि गप्प होतो. जिंकणाऱ्याचं वाक्य अडखळत नाही, पहिल्यापासून परत सांगावं लागत नाही. लहान क्रमांक म्हणजे मोठा मान.

(याची किंमतही आहे. प्रत्येक बिट तारेच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून १ मेगाबिटला तार ४० मीटरच्या आसपासच. कारखानाभर फिरवता येत नाही.)

आता ही समान वाटणी आहे का? मुळीच नाही. वरचा सतत बोलत राहिला तर खालच्याला जन्मात पाळी येणार नाही. तरी गाड्या चालतात, कारण प्रत्येक संदेश किती वेळानं येणार ते आधी माहीत असतं, आणि सगळ्यात वाईट वेळी सगळ्यात खालच्या संदेशाला किती उशीर होईल ते कागदावर काढता येतं. ८ बाइटचा संदेश ५०० किलोबिटला फार तर ०.२७ मिलिसेकंद घेतो. माझ्यापेक्षा मानाचे किती, ते माझ्या वाट पाहण्याच्या काळात कितीदा येतील, आणि माझ्या आधी सुरू झालेला एखादा खालचा, याची बेरीज केली की झालं. बेरीज मुदतीच्या आत आली तर माझ्यावर अन्याय झाला असं म्हणायला मला तोंड नाही.

ही बेरीज १९९४ च्या सुमारास टिंडेल आणि बर्न्स यांनी बसवली. वर्षानुवर्षं लोक त्यावर गाड्या काढत राहिले, आणि २००७ मध्ये डेव्हिस, बर्न्स वगैरेंनी दाखवून दिलं की तिच्यात एक चूक आहे. गर्दी जास्त असेल तर माझा मागचा संदेश वरच्यांना थोडं ढकलतो, आणि ते ढकललेले माझ्या पुढच्या संदेशाच्या आड येतात. सूत्र फक्त पहिला संदेश तपासून मोकळं होत होतं. चूक काढणाऱ्यांत मूळ सूत्राच्या कर्त्यांपैकी एक जण आहे, हे मला फार आवडतं.

शून्यप्रहर
म्हणजे टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याला सांगायचं, तुला पाणी उशिरा मिळेल पण किती उशिरा ते लिहून देतो?

आडसाली
लिहून दिलं आणि पाळलं तर टेलवाला भांडत नाही हो. तो भांडतो ते 'बघू, येईल' याला.

टोकनधारी
रसायन कारखान्यात आहे, आमच्याकडे प्रोफिबस, कारखान्यातली अशीच सामायिक लाइन. तिथे मालक (हाका मारणारे) एकापेक्षा जास्त असू शकतात आणि बोलण्याचा हक्क टोकन म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. टोकनची फेरी किती वेळात पूर्ण व्हावी हे आधी ठरलेलं. टोकन हातात आलं की प्रत्येक जण घड्याळ बघतो. लवकर आलं असेल तर उरलेला वेळ आपल्या कामाला वापरायचा. उशिरा आलं असेल तर फक्त एक तातडीचा संदेश पाठवून टोकन पुढे द्यायचं. म्हणजे आधीच्यानं केलेला उशीर पुढचे सगळे थोडा थोडा सोसून भरून काढतात, पण तातडीचं काम कुणाचंच अडत नाही. नियम एका ओळीचा, आणि मला तरी फार माणुसकीचा वाटतो.

स्लॉटवाली
जर्मनीतून. इथे मी टीएसएनवर काम करते, म्हणजे वेळेचं भान असलेलं इथरनेट. शून्यप्रहर यांच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. वेग वाढवून प्रश्न सुटत नाही, लहान होतो. १०० मेगाबिटच्या इथरनेटवर एक पूर्ण लांबीची फ्रेम (डेटाचं एक पाकीट) १२३ मायक्रोसेकंद लाइन अडवते. कॅमेऱ्याची अशी फ्रेम नुकतीच निघाली असेल तर तुमचा ६४ बाइटचा तातडीचा आदेश, कितीही मानाचा असो, मागे थांबतो. रेल्वे फाटकावर मालगाडी जाऊ द्यावी लागते तसं.

यावर दोन उपाय मानकात आले. एक, नेटवर्क स्विचच्या प्रत्येक रांगेला दार आणि सगळ्या स्विचना एकच घड्याळ. ठरलेल्या क्षणी बाकी सगळी दारं बंद, फक्त नियंत्रणाच्या रांगेचं उघडं. दोन, चालू मालगाडी मध्येच तोडायची, तातडीची फ्रेम जाऊ द्यायची, मग उरलेले डबे पुढे न्यायचे. इथरकॅट तिसऱ्याच वाटेनं जातं. एकच फ्रेम सगळ्या उपकरणांतून न थांबता धावते आणि जाता जाता प्रत्येक जण आपलं सामान काढतो-ठेवतो. चालत्या एसटीत रुमाल टाकून जागा धरण्याचं कौशल्य जर्मनांनी यंत्रात उतरवलंय.

पण अकरावाबिट यांच्या मताला माझा थोडा विरोध आहे. मुदत कागदावर ठरलेली असते, गरज मात्र दर क्षणाला बदलते. तुमचा च्यूट ठरलेल्या पातळीवर शांत असेल तर कॅरियरला दर पाव सेकंदाला नवा आदेश कशाला हवा? १९९० च्या दशकाअखेर वॉल्श आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. ज्याची खरी स्थिती आणि शेवटची कळवलेली स्थिती यांत सगळ्यात जास्त फरक पडलाय, त्याला लाइन. हरलेल्यानं जुनं मोजमाप फेकून द्यायचं आणि पुढच्या वेळी ताजं घेऊन यायचं. माझ्या मते खरी न्याय्य वाटणी ही. गरजेप्रमाणे, हुद्द्याप्रमाणे नाही.

जुनीवायर
पोरी, कागदावर छान आहे. पण ज्याचा सेन्सर बिघडून वेडेवाकडे आकडे देतोय त्याचा 'फरक' सगळ्यात जास्त, मग लाइन त्यालाच. जो जास्त ओरडतो त्याला जास्त वाढायचं, अशी पंगत मी बघितलीय. आमच्या नशिबी नेहमी वेडाच ओरडतो.

स्लॉटवाली
काका, मान्य. वेड्यासाठी कमाल मर्यादा लागते. तेवढी दुरुस्ती स्वीकारते, बाकी मत कायम. 🙂

अकरावाबिट
वेडा बडबड्या ही आमच्याकडची प्रसिद्ध व्याधी. कॅनमध्ये ज्याचे पाठवलेले संदेश वारंवार चुकतात त्याचे गुण मोजले जातात. १२७ च्या वर गेला की त्याला मवाळ व्हावं लागतं, २५५ ओलांडले की तो आपणहून लाइन सोडतो. पण जो अगदी शुद्ध व्याकरणात, मोठ्या मानाच्या क्रमांकानं, अखंड बडबडतो त्याला हे लागूच होत नाही.

टोकनधारी
बडबडीवरून ब्राउन्स फेरी आठवलं. अमेरिकेत अलाबामातलं अणुवीज केंद्र. १९ ऑगस्ट २००६ ला तिसऱ्या युनिटचे दोन्ही रिसर्क्युलेशन पंप (अणुभट्टीत पाणी फिरवणारे) बंद पडले आणि अणुभट्टी हातानं बंद करावी लागली. कारण काय, तर पंपांच्या ड्राइव्हचे कंट्रोलर केंद्राच्या इथरनेटवर होते, तिथे रहदारीचा लोंढा आला आणि कंट्रोलर गुदमरले. लोंढ्यातलं त्यांच्या कामाचं काहीच नसावं, पण पत्ता सगळ्यांचा म्हटला की प्रत्येकाला पाकीट फोडून बघावं लागतं. चिपाडभाऊ, तुमच्यासारखाच ड्राइव्ह, तुमच्यासारखीच सामायिक लाइन. पुढे अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं २००७ मध्ये सगळ्या केंद्रांना याची सूचना काढली.

जुनीवायर
म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून तेच. वेगाचा आदेश ४ ते २० मिलिअँपिअरच्या दोन वेगळ्या तारांनी (प्रवाह जेवढा, तेवढा वेग) दे आणि झोप. ज्याला वाटणी नको त्यानं वेगळी चूल मांडावी.

चिपाड
काका, अगदी पटतं, पण अॅनालॉग आउटपुटचं कार्ड भरलेलं आहे आणि केबल ओढायला हंगाम थांबवावा लागेल. ते ऑफ-सीझनच्या यादीत टाकलं. आत्ता हातात फक्त प्रोग्राम आहे.

आडसाली
अजून एक सांगतो, मग थांबतो. धुळ्याकडे पांझरा नदीवर जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी पडणार असं दिसलं की कुठला फड कोरडा ठेवायचा ते सगळे मिळून आधीच ठरवतात. प्रत्येकाचं थोडं जातं, कुणाचं सगळं जात नाही. चिपाडभाऊ, तुमची लाइन तुटीत आली तर कोण कोरडा राहणार हे ठरवलंय का? की जो शेवटी उभा तो?

स्लॉटवाली
वा! याचं आमच्याकडचं रूप १९९५ चं आहे, हमदाउई आणि रामनाथन यांचं. लागोपाठच्या प्रत्येक १० पैकी निदान ८ संदेश वेळेत पोचले पाहिजेत, अशी हमी द्यायची. एखादा चुकला तर चालतो, पण सगळे चुकलेले एकाच्याच वाट्याला, ओळीनं, येता कामा नयेत. ज्याचे चुकण्याचे 'पैसे' संपत आले त्याचा मान आपोआप वाढतो.

चिपाड
चार दिवसांनी परत आलो. केलं ते असं.

आधी खरंच सगळ्या विभागांकडून फॉर्म भरून घेतले. वीज विभागाला मीटरचा आकडा १५ मिनिटांनी एकदा हवा होता. पंधरा मिनिटं! आम्ही त्यांना दीड सेकंदाला देत होतो, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

आता प्रत्येक फेरीत दोन्ही ड्राइव्ह आणि बाकीच्यांपैकी दोघं. आमचे ड्राइव्ह मॉडबसचं फंक्शन २३ घेतात, त्यामुळे आदेश लिहिणं आणि स्थिती वाचणं एकाच संवादात होतं. फेरी अडीचशे मिलिसेकंदांच्या आसपास. उरलेल्या २२ जणांची प्रदक्षिणा ११ फेऱ्यांत, पावणेतीन-तीन सेकंदांत पुरी होते. म्हणजे त्यांचाही वाटा फारसा गेला नाही. टाइमआउट १५० मिलिसेकंद, प्रयत्न एकच. लागोपाठ तीन फेऱ्यांत उत्तर नाही दिलं तर वाळीत, मग मिनिटातून एकदा दार वाजवून बघायचं. अशी दार वाजवण्याची फेरी ३४० मिलिसेकंदांपर्यंत जाते, त्याहून जास्त नाही.

च्यूट शांत आहे. ट्यूनिंग जुनंच परत घातलं.

जुनीवायर
शाब्बास. दोन गोष्टी तपास. १५० हा आकडा कुठून आणला? एखादं आळशी मीटर २०० ला उत्तर देत असेल तर त्याचं उत्तर पुढच्याच्या प्रश्नावर आदळेल आणि तुला वाटेल दुसराच कुणी बिघडलाय. आणि लाइन तुटली तर ड्राइव्ह काय करतो? शेवटच्या वेगानं ऊस ढकलत राहिला तर च्यूट फोडेल.

चिपाड
काका, सगळी मीटर एकेक करून मोजली. सगळ्यात आळशी ८० मिलिसेकंदांनी तोंड उघडतं, वर उत्तराचे २९, म्हणजे ११० च्या आत. ड्राइव्हचा संपर्क-तुटीचा वॉचडॉग मात्र बंदच होता! कुणी बंद केला देव जाणे. आता २ सेकंदांवर लावलाय, संपर्क गेला की कॅरियर थांबतो. इमर्जन्सी स्टॉप पहिल्यापासून वेगळ्या तारेनं आहे, तो या लाइनवर कधीच नव्हता.

शून्यप्रहर
वाचनखूण साठवली. आमच्या ऑफिसच्या वायफायसाठी आडसालींना बोलावतोय.

आडसाली
येतो, पण तुमचा पाटकरी कोण ते आधी सांगा.

चिपाड
एक राहिलं. तुटीत कोण कोरडं राहणार याचा कागद केला आणि सहीसाठी फिरवला. वीज विभागानं लगेच सही केली. पाण्याच्या फ्लो मीटरवाल्यांनी अजून नाही, ते म्हणतात आम्हीच का? आणि १७ नंबर आज सकाळी उघडून बघितलं. मीटर ठणठणीत आहे, उंदरानं तार कुरतडली होती.

जुनीवायर
लाइनच्या टोकाचा टर्मिनेशनचा रेझिस्टर पण बघून घे. उंदीर एकच ठिकाणी थांबत नाही.